गिरणीपुढचा ब्रेकर

माझा आवाज मोठा आहे. जन्मतः नव्हता, गिरणीने केला. दिवसभर मोटर, पट्टा आणि दगडांच्या गोंगाटात "बाजरी कुणाची, गहू कुणाचा" असं ओरडत राहिलं की घसा आपोआप तयार होतो. घरात मी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण लागलं. त्यात राग नाकाच्या शेंड्यावर. सासरे म्हणायचे, "सूनबाईला मोटरीसारखं बटन पायजे हुतं." हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या दिवशी या आवाजाची खरी गरज पडली, त्या दिवशी तो कुणालाच ऐकू गेला नाही.

राहाता तालुक्यात, पुणतांब्याच्या अलीकडे आमचं गाव. काळी जमीन, कालव्याचं पाणी, आणि त्यामुळे जिकडे बघावं तिकडे ऊस. गावातून एकच डांबरी रस्ता जातो. त्याच्या एका कडेला माझी गिरणी आणि दुसऱ्या कडेला, बरोबर समोर, शाळा. शाळेचं फाटक उघडलं की पाऊल थेट डांबरावर. मध्ये पायरी नाही, कट्टा नाही. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. पाचची घंटा झाली की ती रस्ता ओलांडून गिरणीत यायची, पोत्यावर बसून बिस्कीट खायची, आणि गिरणी बंद करून आम्ही दोघी घरी जायचो. म्हणजे रोज पाच वाजता माझे हात पिठात आणि डोळे रस्त्यावर.

एके दिवशी ती अर्ध्या रस्त्यात असताना एक मोटारसायकल तिला इतकी चाटून गेली की तिच्या हातातली पाण्याची बाटली उडून गटारात पडली. गाडीवाल्याने मागे वळूनही बघितलं नाही. मी हातातलं माप घेऊन तशीच त्याच्यामागे धावले. मोटारसायकल काय सापडणार? पण गावाच्या टोकापर्यंत शिव्या देत गेले आणि परत येईपर्यंत माझं ठरलं होतं. शाळेपुढे ब्रेकर पाहिजे.

पालकांच्या कमिटीत मी होतेच. अर्ज लिहिला, सह्या घेतल्या, तालुक्याला गेले. तिथले साहेब भले माणूस. चहा पाजला, अर्ज वाचला आणि म्हणाले, नियमात बसतो का ते बघावं लागेल, जागा पाहायला माणूस येईल. मी म्हटलं, तोवर पोर कडेवर घेऊन रस्ता ओलांडू का? ते हसले. पावसाळा संपला तरी माणूस आला नाही. मग एका रविवारी आम्ही आमचाच ब्रेकर घातला. परवानगी नाही, पाटी नाही, काही नाही. कुणाच्या तरी स्लॅबचं उरलेलं सिमेंट, कुणाची खडी, कुणाच्या ट्रॉलीतला मुरूम.

गवंडी आमच्याच गावचा, समजूतदार. तो म्हणाला, "वहिनी, पसरट करू. आन फाटकापुढं नको, दोन्ही बाजूला जरा लांब घालू, म्हंजे गाडी फाटकापाशी येईस्तवर हळू झालेली आसल."

मी म्हटलं, "पसरट केला तर हे लोक उडवत नेतील. उंच कर. आणि फाटकाच्या बरोबर समोर घाल. माझी पोर तिथून ओलांडते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. माझ्याशी वाद घालायला कुणी तयार नव्हतं. शेतातल्या बांधाएवढा उंच ब्रेकर झाला. पहिला दणका सासऱ्यांनाच बसला. लुनावर गवताचा भारा घेऊन येत होते, भारा एकीकडे आणि ते दुसरीकडे. "माझ्या सुनेचा ब्रेकर हाय," असं ते उठून कपडे झटकत अभिमानानेच म्हणाले. भिंतीला लावायचा चुना माझ्याकडे होता, त्याचे पांढरे पट्टे मी दर शनिवारी ब्रेकरवर ओढायचे. मोटारसायकली खरंच मुंगीच्या पावलांनी जायला लागल्या. लोक पाहुण्यांना पत्ता सांगताना "गिरणीवालीच्या ब्रेकरपाशी उतरा" म्हणू लागले. मला ते आवडायचं. आवडायचं कसलं, मी फुगले होते.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. नवी बाजरी आली होती आणि गिरणीत दळणाची रांग. वस्तीवरची एक म्हातारी दळणाची वाट बघत बसली होती आणि कारखाना आता सुरू होणार, उसाच्या गाड्या येणार, यावरून बोलणं निघालं. आमच्या भागात ऊस ओढणं ही चोरी नाही. बैलगाड्यांच्या काळात शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराने चालत्या गाडीतून ऊस ओढलेला असायचा. ज्याने ओढला नाही तो एकतर परगावचा किंवा फार शहाणा. म्हातारीने तिची गोष्ट सांगितली आणि मी माझी.

"मी कधी मागून ओढला नाही," मी म्हटलं. "मागून सगळेच ओढतात. मागच्या गाडीचा गाडीवान बघतो आणि ओरडतो. मी चाकाच्या पुढून शिरायचे. बैल आणि चाक यांच्या मध्ये, गाडीवानाच्या खालीच. तिथं कुणाला दिसत नाही, आणि उसाचा जाड बुडखा पुढच्या अंगालाच असतो. एक पाय दांडीवर टेकवायचा, दोन्ही हातांनी हिसका, की आला."

नुसतं सांगून थांबले नाही. पोत्यावर पाय टेकवून, हवेत हिसका मारून दाखवलं. म्हातारी दात नसलेलं तोंड उघडून हसली. पलीकडच्या पोत्यावर माझी मुलगी बिस्कीट हातात धरून ऐकत होती. मोटर चालू असल्यामुळे मी सगळं ओरडूनच सांगत होते.

कारखाना सुरू झाला. आमच्या लहानपणी टायरच्या बैलगाड्या असायच्या, आता बहुतेक ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, एकीमागे एक, लोखंडी दांड्याने जोडलेल्या, आणि दोन्हींवर विजेच्या तारांना लागेल इतका ऊस. पाथर्डी-शेवगावकडून तोडीला आलेल्या टोळ्या पहाटेपासून ऊस भरतात आणि पाचच्या सुमाराला भरलेले ट्रॅक्टर एकामागोमाग एक आमच्या रस्त्याने निघतात. गेल्या हंगामापर्यंत ते शाळेपुढून धडधडत निघून जायचे. पोरं कडेला उभी राहून बघायची. चालत्या ट्रॉलीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

आता मध्ये माझा ब्रेकर होता. बांधाएवढ्या उंच ब्रेकरवरून एवढा भार न्यायचा म्हणजे ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये घ्यावा लागतो. तो जवळजवळ थांबायचाच. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पहिली ट्रॉली, मग दुसरी. आणि हे सगळं फाटकाच्या बरोबर समोर, बरोबर पाच वाजता.

पहिल्या दिवशी दोन पोरं धावली. दुसऱ्या दिवशी सहा. आठवड्याच्या आत घंटा झाली की निम्मी शाळा ब्रेकरपाशी उभी राहायला लागली. मागच्या ट्रॉलीला लोंबकळायची, हिसके मारायची, ऊस सुटला की मागे पाठीवर पडायची, आणि मागून येणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवायचा. मी गिरणीच्या दारातून हे बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मला वाटत होतं, पोरं फार माजली आहेत.

मग एका संध्याकाळी माझी मुलगी हातभर उसाचं कांडं घेऊन गिरणीत आली. गाल लाल, रिबीन सुटलेली. कांडं माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, हे घे. तुझ्या ब्रेकरवरचं हाय."

तेव्हा कळलं. मी काय करून ठेवलं होतं ते तिच्या त्या एका वाक्यात होतं आणि मला ते सहन झालं नाही. मी तिच्या थोबाडीत दिली. तिच्या गालावर पिठाची चार बोटं उठली. ती रडली नाही, कांडं खाली ठेवून पोत्यावर जाऊन बसली. मला आजही ती बोटं दिसतात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. शाळेतल्या बाई शांत स्वभावाच्या, माझ्या अगदी उलट. त्यांनी परिपाठाला सगळ्यांना समजावलं, घंटेनंतर स्वतः फाटकात उभ्या राहिल्या. दोन दिवस ठीक गेलं. पण पोरं फाटकाबाहेर पडून पुढच्या चिंचेपर्यंत जायची आणि बाई आत वळल्या की परत यायची.

मग मी ट्रॅक्टरवाल्यांना धरलं. एक जण रोज गिरणीशेजारच्या टपरीवर चहाला थांबायचा. पाथर्डीकडचा, तिशीचा असेल, डोळे झोपेने तांबारलेले. ट्रॅक्टरवर दोन मोठे स्पीकर आणि त्यात कायम गाणी, एवढी मोठी की माझ्या गिरणीचाही आवाज दबावा. मी जाऊन सरळ तोंड सोडलं. पोरं लोंबकळतात, तुम्ही बघत नाही, गाणी लावून मजेत जाता.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आरशात मला निस्ता ऊस दिसतो. मागं पोरगं हाय का बकरू हाय, काय बी दिसत न्हाई. आन गाणी बंद केली तर मला डुलकी लागती, मग समदेच मरतील." चहा संपवून त्याने कप ठेवला. "राग नका मानू. पन ब्रेकर नव्हता तवा एक बी पोरगं जवळ येत नव्हतं. तुमी तो काढा न्हाई तर लांब घाला. माझी बी पोरगी हाय, कोपीवर ठिवून येतो."

कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची झोपडी. तिथे पोर ठेवून आलेला माणूस मला पोरांबद्दल सांगत होता. मला इतका राग आला की मी तशीच परत फिरले. राग यासाठी की तो खरं बोलत होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "मग काढू की. उद्या चार मानसं बोलवतो."

मी म्हटलं, "थांब जरा. लोक काय म्हणतील? एवढा घाम गाळून घातला आणि आता तीच म्हणते काढा. आणि काढला की परत मोटारसायकली."

"ब्रेकर तुझा हाय," तो म्हणाला. "तूच ठरव."

मी ठरवलं नाही. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. आठ दिवस मला माहीत होतं आणि आठ दिवस मी गप्प राहिले. रोज पाचला गिरणीच्या दारात उभी राहायचे, पोरांवर ओरडायचे, शेवटचा ट्रॅक्टर गेला की जीव भांड्यात पडायचा, आणि मग मी स्वतःला सांगायचे की बघ, काही झालं नाही. गवंडी एकदा दळण घेऊन आला होता. त्याने ब्रेकरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी त्याचं दळण आधी करून दिलं आणि त्याला वाटेला लावलं.

नवव्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याचं दळण आलं होतं. भरपूर गहू, आणि माणसं डोक्यावर उभी. पट्टा सारखा सटकत होता. पाचची घंटा मला ऐकू आली नाही. मान वर केली तेव्हा समोर पोरं होती आणि ट्रॅक्टरचं तोंड ब्रेकरवर चढत होतं. चहाला थांबणाऱ्याचाच ट्रॅक्टर, गाणी तशीच.

मी दारात आले. मागच्या ट्रॉलीच्या मागे नेहमीची पाच-सहा पोरं होती. माझी मुलगी त्यांच्यात नव्हती. मला बरं वाटलं. मार लागू पडला, एकदाचं समजलं, असं मनात म्हणालेही. मी आत वळणार, तेवढ्यात मला लाल रिबीन दिसली. मागे नव्हती ती. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये होती.

तिचा एक पाय लोखंडी दांड्यावर होता. दोन्ही हात दुसऱ्या ट्रॉलीच्या पुढच्या अंगाच्या उसात. हिसका मारत होती. ऊस सुटत नव्हता. पहिली ट्रॉली ब्रेकर उतरून गेली होती आणि दुसरीची चाकं चढायला लागली होती. तिने मागे सरकायला बघितलं आणि सरकता येईना. दप्तराचा बंद कशात तरी अडकला होता. तिने मान वळवून गिरणीकडे बघितलं.

मी ओरडले. माझा सगळा आवाज लावून ओरडले. पाठीमागे गिरणी चालू, समोर स्पीकर चालू. फाटकातल्या पोरांनीसुद्धा मान वळवली नाही.

मग धावले. आधी तिच्याकडेच धावले. दोन पावलं टाकली आणि लक्षात आलं की मी तिला ओढेपर्यंत चाक थांबणार नाही. थांबवायचं तर ट्रॅक्टर. मी दिशा बदलली. पोटच्या पोरीकडे पाठ करून मी ट्रॅक्टरच्या तोंडाकडे धावले. ते पंधरा-वीस पावलांचं अंतर मला कसं वाटलं ते सांगता येत नाही, कारण त्यात ती मला दिसत नव्हती. ट्रॅक्टरपुढे जाऊन हात पसरून उभी राहिले. डोक्यापासून पायापर्यंत पीठ. त्याने बघितलं, त्याचं तोंड उघडलं, आणि पाय ब्रेकवर गेला.

ट्रॅक्टर थांबला. दुसरी ट्रॉली थांबली नाही. तिची चाकं ब्रेकरच्या माथ्यावर आली होती. उंच कर म्हणून मी सांगितलेल्या ब्रेकरच्या. तो सगळा भार उतारावरून हातभर पुढे आला, मधला दांडा मुरडला आणि ट्रॉली पहिलीवर धाडकन आदळली. ऊस खळखळून खाली पडला. पोरांची किंकाळी मला गाण्यातूनही ऐकू आली.

मी जागची हलले नाही. आई असती तर धावत गेली असती, असं लोक म्हणतात. मी आईच होते आणि मला जाता आलं नाही. जाऊन काय बघायचं, एवढंच डोक्यात होतं. ट्रॅक्टरवाला उडी मारून मागे पळाला. मी त्याच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. सीटच्या पाठीला लहान मुलीची एक बाहुली दोरीने बांधलेली होती.

तो तिला दंडाला धरून घेऊन आला. ती उभी होती. दोन्ही पाय होते, दोन्ही हात होते. शेवटच्या क्षणी तिने बंदातून खांदा सोडवून घेतला होता आणि दोन ट्रॉल्यांच्या मधून बाजूला पडली होती. दप्तर चाकाखाली गेलं होतं. डबा पत्र्यासारखा चपटा झालेला. ढोपर सोललं होतं. हातात ऊस होता, तो तिने सोडलाच नव्हता.

ट्रॅक्टरवाला तिला माझ्यापाशी सोडून डांबरावरच बसला. वर गाणी चालूच होती. शेवटी टपरीवाल्याने चढून बंद केली. "तुमी दिसल्या म्हनून," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पांढरं काय तरी दिसलं म्हनून पाय गेला ताई. न्हाई तर मला कळलंच नसतं."

मी मुलीला गिरणीत घेऊन आले. गहू संपून दगड रिकामे फिरत होते, एकमेकांवर घासून करकरत होते. मी मोटर बंद केली. गिरणी एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती. ती तिच्या पोत्यावर बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिच्या ढोपरावरची माती पुसायला लागले. तिला वाटलं, मी मारायला हात उचलला.

"मारू नको," ती म्हणाली. "मी मागून न्हाई ओढला. तू सांगितलं हुतं तसाच पुढून ओढला. पाय दांडीवर ठिवून."

मी तिचं ढोपर पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे माणसं जमली. मी उभी राहिले आणि म्हणाले, ब्रेकरची जागा चुकली, उंची चुकली, गवंडीदादा बरोबर सांगत होते आणि मी ऐकलं नाही. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. ज्या गोष्टीला मी आठ दिवस घाबरले, ती पाच मिनिटांत संपली. मग पहार घेऊन पहिला घाव मीच घातला. सिमेंट पक्कं होतं, हाताला फोड आले. गवंड्याने दोन पसरट ब्रेकर घातले, शाळेच्या भिंतीच्याही पलीकडे, दोन्ही बाजूंना, जिथे रस्त्याला लागून पाण्याची चारी आहे आणि पोरांना उभं राहायला जागाच नाही. तालुक्याच्या साहेबांना मी फोटो नेऊन दाखवले. या वेळी त्यांनी चहाच्या आधी माणूस पाठवला आणि पाट्या लागल्या. शाळेच्या मागच्या भिंतीत दुसरं फाटक काढलं. मागून पाणंद, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, जाते. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी ती इतकी वर्षं खाऊन चिंचोळी केली होती आणि उरलेली बाभळींनी. सासऱ्यांनी आधी आमच्याकडचा हातभर बांध मागे घेतला, मग बाकीच्यांना बोलता आलं. आता पोरं तिथून पायी आणि सायकलवर येतात-जातात, डांबराला पाय लावत नाहीत. ट्रॅक्टरवाले गावात शिरायच्या आधी वळणावर एक मोळी टाकून जातात, ती फोडून वाटली जाते. "ओढलेल्या उसाची चव न्हाई त्याला," असं पोरं तोंड वाकडं करून सांगतात आणि खातात.

एवढं सगळं झालं आणि तरी एक गोष्ट राहिली होती. शाळेत माझ्या मुलीला पोरं येडी म्हणायला लागली होती. सगळे मागून ओढतात, ही एकटी मध्ये शिरली. तिच्यामुळे ब्रेकर गेला. ती घरी येऊन काही सांगायची नाही. मला दुसऱ्या एका पोराच्या आईकडून कळलं. मुलीने माझं नाव घेतलं नव्हतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं की तिला कुणी शिकवलं.

मीही नाही. देवळापुढे मी ब्रेकरचं कबूल केलं, पण पोत्यावर पाय टेकवून मारलेल्या त्या हिसक्याबद्दल एक शब्द काढला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. म्हातारीला आठवत असेल, पण तिने विषय काढला नाही.

एका शनिवारी बाईंनी बोलावलं. "तुम्ही मुलांशी बोला," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज मोठा आहे, तुमचं ऐकतील." सगळी शाळा पटांगणात मांडी घालून बसली होती. मी काय बोलायचं ते ठरवून आले होते. चांगलं झापायचं. तिसरीच्या रांगेत माझी मुलगी खाली मान घालून काडीने जमीन उकरत होती. तिच्या शेजारची मुलगी तिला कोपराने डिवचत होती आणि हसत होती.

मी तोंड उघडलं आणि ठरवलेलं काही आलं नाही.

"ती येडी नाही," मी म्हटलं. "मध्ये शिरायचं तिला मी शिकवलं. पाय दांडीवर टेकवायचा, पुढून हिसका मारायचा, हे मी तिला करून दाखवलं होतं. मी लहानपणी तसंच ओढायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. चूक तिची नाही, माझी आहे. तिने आईचं ऐकलं."

मला वाटलं मी ओरडतेय, पण बाईंनी नंतर सांगितलं की मी अगदी हळू बोलत होते. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मागच्या रांगेतला चौथीतला एक मुलगा उठून उभा राहिला.

"काकू," तो म्हणाला, "मग तुमी कशा काय वाचल्या?"

कुणीतरी हसलं. पण प्रश्न खरा होता आणि तो मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

"आमच्या वेळी गाडीला बैल होते," मी म्हटलं. "पोर पायात आलं की बैल थांबायचे."

माझ्या मुलीने काडी टाकली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.